कार्डाभोवतीची काळी पट्टी

आमचा छापखाना कर्जतच्या बाजारात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, धान्याच्या एका दुकानाला लागून होता. पुढे छापखाना, मागे घर, आणि मधलं दार कधीच लागत नसे. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या लाकडी केसेस, चाक फिरवून पातं खाली आणायचं एक कटिंग मशीन, आणि हे सगळं चालवणारी दोन माणसं: माझे वडील आणि भिवपुरीकडच्या एका गावातून रोज येणारे जुळारी काका. जुळारी म्हणजे शिशाचा एकेक खिळा वेचून ओळी जुळवणारा माणूस. आमचे काका जुळवायचे, छापायचे, आणि गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की ऐकू येत नसल्याचं सोंगही आणायचे. भाताची लावणी आली की ते पंधरा दिवस गायब. त्या पंधरा दिवसांत मी खिळे जुळवायला शिकले. तेव्हा मी नववीत होते.

छापखान्याचा एकच नियम होता आणि तो वडिलांनी नाही, गिऱ्हाइकांनी केलेला होता. कागद भरला पाहिजे. लग्नपत्रिका म्हणजे वर गणपतीचा ठोकळा, दोन बाजूंना दोन हत्ती, चार कोपऱ्यांत वेलबुट्टी, मग कुलदैवतं, वधूवर, आजोबा, चुलते, मामा, आत्यांचे यजमान, आणि उरल्यासुरल्या फटीत घरातली पोरंटोरं सगळ्यांना आग्रहाने बोलावणार. नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला यायचा नाही. नाव शेजारच्यापेक्षा लहान खिळ्यात गेलं तर यायचा, पण जेवायचा नाही. कशेळ्याच्या एका दुकानदाराला त्याच्या जाहिरातीत दोन बोटं कोरी जागा दिसली, तर तो म्हणाला, "हितलं काय पडलं?" वडिलांनी मुकाट्याने तिथे एक कमळ बसवून दिलं.

मॅट्रिकनंतर मी हट्ट धरला आणि गिरगावात मामाकडे राहून वर्षभराचा कमर्शिअल आर्टचा वर्ग केला. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आमचे सर बारीक चणीचे होते, आवाजही बारीक, पण बोलायला लागले की वर्गात कुणी पेन्सिल खाली ठेवत नसे. ते म्हणायचे, कागद हाती आल्यावर माणसाचा डोळा आधी कुठे जावा, मग कुठे, आणि शेवटी कुठे थांबावा, हे तुम्ही ठरवायचं असतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर तो कुठेच थांबत नाही. चार कडांचे समास, ओळींमधलं अंतर, मोठ्या आणि लहान अक्षरांचा चढउतार, काळ्याचं वजन आणि पांढऱ्याचा मोकळेपणा हे सगळं त्यांनी आम्हाला कागदाचे तुकडे सरकवून सरकवून शिकवलं. पांढरी जागा रिकामी नसते, ती काम करत असते, हे त्यांचं लाडकं वाक्य. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

परत आले ती अगदी शिष्ट होऊन आले. बाजारात दुकानाची पाटी दिसली की मी थांबून नाक मुरडायची. सत्यनारायणाचं आमंत्रण छापायला भिवपुरीच्या कॉलनीतले कुणी वीजघरवाले आले तर त्यांना समास म्हणजे काय ते समजावून सांगायची, आणि ते बिचारे घड्याळाकडे बघत उभे राहायचे. वडील ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, "कोराच कागद द्यायचा तर तो वाण्याकडेही मिळतो. आपण शाई कशाला विकत घेतो?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अशात ताईचं लग्न ठरलं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं आधी एकदा ठरलं होतं, तारीखही निघाली होती. आणि मग आठ दिवसांत त्या घरची म्हातारी आजी गेली. नव्वदीच्या पुढची, वर्षभर अंथरुणाला खिळलेली बाई. पण त्यांचा निरोप आला की मुलीने उंबरा ओलांडायच्या आधीच हा पायगुण, तर पुढे काय. लग्न मोडलं. त्यानंतर दोन वर्षं ताईला बघायला कुणी आलं की आधी ती गोष्ट येऊन बसलेली असायची. ताईने तक्रार केली नाही. फक्त ती कमी बोलायला लागली, आणि कुणाच्या घरी हळदीकुंकवाला बोलावणं आलं की डोकं दुखतं म्हणून घरी राहायची. मला त्या माणसांचा इतका राग यायचा की त्यांच्या गावाच्या नावाचे खिळे जुळवायचे असले तरी मी ते काम काकांकडे सरकवायची.

हे दुसरं स्थळ खालापूरजवळच्या कुंभिवलीचं. हायवेवरचं गाव. त्यांची शेती होती, रस्त्यालगत टायरचं दुकान होतं, आणि मुलगा खोपोलीच्या कारखान्यात होता. माणसं साधी, पण विहीणबाई देवाधर्माच्या आणि शकुनअपशकुनाच्या बाबतीत कडक, असं मध्यस्थाने आडून आडून सांगितलं होतं. पहिल्या लग्नाची गोष्ट त्यांच्या कानावर होती. त्यांनी कौल लावला, देवाने उजवं दिलं, म्हणून त्या हो म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात सगळे जपून पाय टाकत होते. कुणी शिंकलं तरी आई त्याच्याकडे रोखून बघे. हेही लग्न मोडलं तर तिसरं ठरणार नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ताईला सुद्धा ते माहीत होतं.

पत्रिका मी करणार, असं मी जाहीर केलं. वडिलांना नेमका त्याच आठवड्यात हिवताप भरला होता. मागच्या खोलीत गोधडीखाली पडल्या पडल्या ते म्हणाले, "तुझ्या बहिणीची आहे. कर तुला हवी तशी." मला एवढंच हवं होतं.

मुंबईहून आणलेला जाड, किंचित पिवळसर कार्डपेपर होता. तो मी सगळाच्या सगळा या कामाला काढला. हत्ती नाहीत, वेलबुट्टी नाही. वर छोटासा गणपती. त्याच्याखाली भरपूर जागा सोडून ताईचं नाव मोठ्या खिळ्यांत, एका ओळीत एकटं. मग नवऱ्यामुलाचं नाव, त्याच आकारात. मग पुन्हा जागा. खाली बारीक अक्षरांत तिथी, वेळ, ठिकाण. आणि या सगळ्याभोवती, मजकुरापासून चांगली लांब, पितळी पट्ट्यांची एक जाड चौकट. तीही काळ्या शाईत. वर्गात मी असंच एक कार्ड केलं होतं आणि सरांनी ते भिंतीला लावलं होतं.

काकांनी चौकट बघितली आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाय, काळी कशाला? तांबडी मार."

"तांबडी सगळ्यांचीच असते, काका."

"सगळ्यांची असतंय तर काय तरी कारण असंल ना त्याला."

मी त्यांना वजन, तोल आणि कॉन्ट्रास्ट यांवर एक व्याख्यान दिलं. त्यांना ऐकू येईनासं झालं.

नावांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. दोन्हीकडची मिळून तीस नावं होती. ती मी कार्डाच्या मागच्या बाजूला टाकली, सगळी एकाच आकाराच्या खिळ्यांत, म्हणजे कुणी उपाशी जायला नको. काकांनी ती नेहमीच्या सवयीने कडेपर्यंत ऐसपैस जुळवली. मी तो जुळलेला फर्मा सोडवायला लावला. पुढच्या चौकटीच्या आत जेवढी जागा, तेवढ्यातच मागची नावं बसली पाहिजेत, पुढे मागे समास सारखे, नाहीतर मी छापू देणार नाही. ते म्हणाले, मागची बाजू कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघते. दुपारभर धुसफुस करत त्यांनी ओळी आवळून आत बसवल्या. शेवटची ओळ, व्याह्यांच्या चुलतभावाची, चौकटीच्या रेषेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर राहिली. ती मी तशीच राहू दिली, कारण काकांचा चेहरा बघवत नव्हता.

साडेतीनशे कार्डं छापून, वाळवून, गठ्ठे करून ठेवली. त्या चार दिवसांत मी गाणी गुणगुणत होते, असं आई नंतर म्हणाली.

व्याही स्वतः त्यांच्या वाट्याची कार्डं न्यायला येणार होते, दुपारच्या एसटीने. सकाळी आत्या हळदीकुंकवाचं तबक घेऊन छापखान्यात आली. पहिलं कार्ड गणपतीला, त्याच्या चार कोपऱ्यांना हळद लावून, ही आमच्याकडची रीत. तिने गठ्ठ्यावरचं कार्ड उचललं, हळदीत बोट बुडवलं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

"हे कुणाच्या दिवसांचं गं?"

मी हसून सांगायला तोंड उघडलं की अगं, हे आपल्या ताईचंच. आणि तेवढ्यात मला ते दिसलं. काळी चौकट. बाराव्याचे, तेराव्याचे कागद अशाच काळ्या चौकटीत छापतात. ते मी स्वतः जुळवले होते, डझनावारी, याच पितळी पट्ट्या लावून. त्या कागदांना हळद लागत नाही. पण तो छापखाना माझ्या डोक्यात एका कप्प्यात होता आणि सरांचा वर्ग दुसऱ्या, आणि मधलं दार मीच लावून घेतलं होतं. मला रडू आलं नाही. मी तिच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. पहिल्या लग्नात निदान आजी तरी गेली होती. या वेळी कुणी गेलेलं नसताना मी साडेतीनशे घरी सुतक पाठवायला निघाले होते.

आई धावत आली. पुन्हा छापा, म्हणाली. कशावर छापणार? कार्डपेपर संपला होता, मुंबईहून नवा यायला चार दिवस, आणि वरून हळद फासून ही पट्टी झाकता येण्यासारखी नव्हती. मी सांगितलं होतं, असं काका म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

वडील गोधडी गुंडाळून बाहेर आले. अंगात ताप होताच. त्यांनी एक कार्ड घेतलं, उलटसुलट केलं, आणि रस्त्याच्या दारात जाऊन उजेडासमोर धरलं. मागची नावं कागदातून धूसर दिसायला लागली. वडिलांनी पट्टीने मोजलं. चौकटीपासून मजकूर वर दीड इंच, खाली इंचभर, बाजूंना तेवढाच. मग मागच्या शेवटच्या ओळीपाशी पट्टी धरून दोनदा मोजलं.

"चौकट कापून टाकू," ते म्हणाले. "पुढे जागा आहे. मागेही आहे. फक्त या एका नावापाशी जपायला लागेल. कार्डं एकसारखी छापली असतील तर."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. कापायचं म्हणजे पन्नास पन्नास कार्डांची थप्पी एकदम पात्याखाली जाणार. छापताना एखादं जरी तिरकं बसलेलं असेल तर त्याची चौकट उरणार किंवा नाव कापलं जाणार, आणि व्याह्यांच्याच भावाचं नाव.

"मी घातलीत एकेक," काका म्हणाले. "हाललं नसंल एक पण."

पहिली थप्पी त्यांनी टेबलावर आपटून आपटून सारखी केली आणि पात्याखाली सरकवली. वडील डोळा लावून रेषा बघत होते. चाक मी फिरवलं, कारण वडिलांच्या अंगात तापामुळे जोर उरला नव्हता. तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला आणि व्याही त्यातून उतरले. हायवेवरच्या माणसाला एसटीची वाट कशाला बघावी लागते? आत्या पुढे झाली, काय बोलली देव जाणे, पण त्यांना बाजूच्या बोळातून थेट मागे घरात घेऊन गेली. आणि आमचं मधलं दार, जे कधीच लागत नसे, ते आईने ओढून घेतलं. बिजागऱ्या अशा करकरल्या की मला वाटलं, आता सगळा बाजार गोळा होईल.

आत पोहे, चहा, मग पुन्हा चहा. बाहेर आम्ही. प्रत्येक थप्पीला चार बाजू, प्रत्येक बाजूला पातं खाली येतानाचा तो धप्प आवाज. आतून व्याह्यांचा आवाज आला, "कसला आवाज हाय ओ?" आत्या म्हणाली, "कडा साफ करतायत. आमच्याकडे काम अगदी व्यवस्थित असतं." पहिली थप्पी उलटी करून वडिलांनी मागची बाजू बघितली. शेवटची ओळ शाबूत होती. दुसरी. तिसरी. कुठेही तिरकं नाही, कुठेही काळं उरलेलं नाही. काळ्या पट्ट्या जमिनीवर पडत होत्या आणि मी त्या पायाने ट्रेडलखाली सारत होते. शेवटची थप्पी बाहेर आली तेव्हा काका खाली बसले आणि त्यांनी डोक्याची टोपी काढून तोंड पुसलं. त्यांना असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पायाला हात लावला. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले, "मागची बाजू तू बघितलीस ना."

दार उघडलं. व्याहीबुवा आले, लाकडी खुर्चीवर बसले आणि कार्डाचं पाकीट हातात घेतलं. पाकिटं आधीच्या मापाची होती, त्यामुळे कार्ड आत खुळखुळत होतं. त्यांनी ते बाहेर काढून पुढून बघितलं, मागून बघितलं, भावाचं नाव शोधून त्यावर अंगठा फिरवला. मग पुन्हा पुढची बाजू. कडा कापल्या तरी नावांच्या आजूबाजूला पुष्कळ पांढरं उरलं होतं.

"हितं काय लिवायचं राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

मी वडिलांकडे बघितलं. वडिलांनी गोधडी सारखी केली.

"नाही," ते म्हणाले. "ती जागा सोडायचीच असते. पांढरी जागा रिकामी नसते, व्याहीबुवा. ती काम करत असते."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडून कितीदा ऐकून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, ते मला माहीत होतं. व्याह्यांनी मान हलवली आणि गठ्ठे ट्रकमध्ये नेऊन ठेवले. ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत आम्ही दारात उभे होतो. मग आई एकदम हसायला लागली, आणि तिला थांबताच येईना. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या पट्ट्यांवर बंब तापवला. वडिलांनी ताप उतरल्यावरची पहिली आंघोळ त्याच पाण्याने केली.

चार दिवसांनी कुंभिवलीहून निरोप आला. विहीणबाईंना कार्ड फार आवडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की एरवी हळद लावायला जावं तर कुणाच्या ना कुणाच्या नावावर डाग पडतो आणि तो माणूस फुगून बसतो. "पोरीनं हळदीला जागा ठेवली, शहाणी हाय," असं त्या म्हणाल्याचं मध्यस्थाने सांगितलं. ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना समास समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही. कुणालाच सांगितलं नाही.

फक्त एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. छापलेली कार्डं साडेतीनशे होती आणि कापलेली तीनशे एकोणपन्नास. शेवटची थप्पी मी तीनदा मोजली होती. केसेसमागे, ट्रेडलखाली, रद्दीत, सगळीकडे शोधलं. एक काळ्या चौकटीचं कार्ड कुठेतरी होतं. कुणाच्या हाती पडलं असेल, कुणी कुंभिवलीला नेऊन दाखवलं तर, या विचाराने लग्नाच्या दिवशीही मी प्रत्येक पाहुण्याच्या हाताकडे बघत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, जेवणं उठली. मागच्या पानावरच्या तीस नावांपैकी जेवल्याशिवाय कुणी गेलं नाही.

पाठवणीच्या वेळी ताई सगळ्यांच्या गळ्यात पडून माझ्याकडे आली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "कार्ड शोधू नकोस. माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने ते पहिल्याच दिवशी, शाई वाळायच्या आत, दोरीवरून काढून नेलं होतं.

"म्हणजे तुला पट्टी दिसली होती?"

"दिसली की. मी छापखान्यातच वाढले ना."

"मग बोलली का नाहीस? मोडलं असतं ना गं."

"तू केवढी खुशीत होतीस. मला बोलवेना. म्हटलं, आत्या बघेलच." तिने नाकातली नथ सावरली. मग म्हणाली, "आणि खरं सांगू, पट्टी नंतर दिसली. आधी नाव दिसलं. माझं नाव असं एकटं, मोकळं, कुणी कधी लिहिलं नव्हतं."

तिला गाडीत बसवलं. आई रडत होती, आत्या रडत होती, वडील उपरण्याने डोळे पुसत होते. मी मात्र तिथे उभी राहून हसत होते, आणि बघणाऱ्यांना काय वाटेल याची मला काडीची फिकीर नव्हती.